आयकर घटनाबाह्य ठरला तेव्हा : अमेरिकेतला १८९५ चा पोलॉक खटला

वटहुकूम :
रिटर्न भरायचे दिवस आले की इथे करांवरचे धागे निघतातच. यंदा जरा लांबचा विषय काढतो.

अमेरिकेत एकदा केंद्राचा आयकर चक्क घटनाबाह्य ठरला होता. २० मे १८९५, पाच विरुद्ध चार. खटल्याचं नाव पोलॉक विरुद्ध फार्मर्स लोन अँड ट्रस्ट कंपनी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या घटनेने केंद्राला कर लावायचे दोन रस्ते दिले. जकात, अबकारी वगैरे कर देशभर एकाच दराने लावायचे. ‘प्रत्यक्ष कर’ लावायचा तर तो राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून द्यायचा. आता प्रत्यक्ष कर म्हणजे नक्की कुठला, हे घटनेत लिहिलेलंच नाही. १७९६ च्या हिल्टन खटल्यात न्यायालयाने घोडागाड्यांवरचा कर प्रत्यक्ष नाही असं ठरवलं, आणि तेव्हापासून प्रत्यक्ष कर दोनच अशी समजूत रुळली : डोईपट्टी आणि जमिनीवरचा कर.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी आयकर आला, तो १८७२ पर्यंत चालला. इलिनॉयमधल्या विल्यम स्प्रिंगर नावाच्या वकिलाने तो भरायला नकार दिला. १८६५ सालचं त्याचं उत्पन्न ५०,७९८ डॉलर, कर ४,७९९ डॉलर ८० सेंट. सरकारने त्याची स्प्रिंगफील्डमधली जागा घरासकट विक्रीला काढली आणि स्वतःच विकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८८१ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, आयकर हा प्रत्यक्ष कर नव्हेच.

मग १८९४ चा कायदा आला. आदल्या वर्षीची मंदी, शेतकरी मेटाकुटीला आलेला, आयात शुल्क कमी करायचं ठरलेलं. ती तूट भरायला ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के कर. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सही केलीच नाही, सहीविनाच तो कायदा झाला. चार्ल्स पोलॉक या मॅसॅच्युसेट्सच्या गृहस्थाकडे वरच्या कंपनीचे दहा शेअर होते. कंपनीने हा कर भरू नये म्हणून तो कोर्टात गेला आणि, हा वाटून न लावलेला प्रत्यक्ष कर आहे असं ठरून, जिंकला. स्प्रिंगर हरला त्याला जेमतेम चौदा वर्षं झाली होती.

माझं मत : हा निकाल म्हणजे पैसेवाल्यांची धास्ती, कायद्याच्या भाषेत लिहिलेली. न्या. फील्ड यांनी तर आडपडदाही ठेवला नाही. भांडवलावरचा हा हल्ला ही नुसती सुरुवात आहे, पुढे गरिबांचं श्रीमंतांविरुद्ध युद्ध पेटेल, असं त्यांनी आपल्या निकालपत्रात लिहून ठेवलंय.

प्रश्न दोन. शंभर वर्षांची वहिवाट अशी मोडणं न्यायालयाला शोभतं का? आणि तुम्ही त्या बाकावर असतात तर मत कुठे टाकलं असतंत?

फुकटफौजदार :
दहा शेअरवर अख्ख्या देशाचा आयकर रद्द! आमच्याकडे वार्षिक सभेला दहा शेअरवाल्याला चहासुद्धा दुसऱ्या खेपेत मिळतो.

मृण्मयी_सांगली :
वाचतेय. पण एक कळलं नाही. कर कंपनीवर, मग सरकारला सोडून कंपनीवरच दावा का?

सातारी_सीए :
मृण्मयीताई, तिथेच तर गंमत आहे. १८६७ पासून अमेरिकेत कायदा आहे की कराची वसुली थांबवण्यासाठी सरकारवर दावा लावता येत नाही. आधी भरा, मग परत मागा. त्यातून वाट काढली ती अशी : शेअरहोल्डरने स्वतःच्या कंपनीला कोर्टात खेचायचं आणि म्हणायचं, घटनाबाह्य कर भरून तुम्ही माझे पैसे उधळताय. कंपनीलाही मनातून कर नकोच आहे. म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघांना एकच निकाल हवा. सरकार रीतसर पक्षकारसुद्धा नव्हतं, ॲटर्नी जनरल ओल्नी यांना परवानगीने बोलू दिलं.

नुरा कुस्तीच म्हणा. मात्र सोबत चाललेल्या दुसऱ्या खटल्यातल्या कंपनीच्या बाजूने उभे राहिलेले जेम्स कार्टर हे त्या काळातले नावाजलेले वकील, आणि त्यांनी कायद्याची बाजू खरोखर जीव ओतून मांडली. कुस्ती ठरवलेली असली तरी पहिलवान खरे होते.

इतिहासवेडी :
ही परंपरा जुनीच आहे की. मूळ लेखात हिल्टन खटला आलाय त्याची कथा ऐका. डॅनियल हिल्टन, व्हर्जिनियाचा. कर आणि दंड मिळून एका गाडीमागे १६ डॉलर. पण एवढ्या रकमेवर खटला वरच्या कोर्टात नेता येत नव्हता, त्यासाठी २,००० डॉलर लागत. मग दोन्ही बाजूंनी संगनमताने लिहून दिलं की हिल्टनकडे स्वतःच्या वापरासाठी १२५ घोडागाड्या आहेत, आणि तो हरला तर त्याने १६ डॉलर भरले की झालं. न्यायालयानेही डोळे मिटून ते मान्य केलं. सरकारतर्फे बोलायला कोण, तर अलेक्झांडर हॅमिल्टन.

फुकटफौजदार :
१२५ गाड्या, सगळ्या स्वतःच्या वापरासाठी. पार्किंग कुठे करत होता ते विचारलं का कोणी?

शेतसारा :
वटहुकूम, लेख छान, पण तुम्ही निकालाला फारच सहज मोडीत काढलंत. जरा उलट बाजू बघू या.

जमिनीवरचा कर प्रत्यक्ष, हे १७९६ पासून सगळ्यांनाच मान्य. ठीक? आता मी जमिनीवर कर लावत नाही, त्या जमिनीच्या खंडावर लावतो. मालकाच्या खिशातून जाणारा पैसा तोच. ज्या जमिनीचं उत्पन्न काढून घेतलं तिची मालकी म्हणजे नुसता सातबारा. सरन्यायाधीश फुलर यांचं म्हणणं हेच होतं, की घटनेने समोरच्या दाराला कुलूप लावलंय, तर मागच्या दाराने आत येऊ देणार नाही. यात पैसेवाल्यांचं लांगूलचालन कुठे आलं? एप्रिलमधल्या पहिल्या निकालात घरभाडं आणि खंड या मुद्द्यावर सहा विरुद्ध दोन मतं पडली होती, पाच विरुद्ध चार नव्हेत. हे तुमच्या लेखात आलंच नाही.

आणि स्प्रिंगरच्या खटल्याचं म्हणाल, तर त्याचं उत्पन्न वकिलीचं आणि सरकारी रोख्यांच्या व्याजाचं होतं. भाड्याचा प्रश्न त्यात नव्हताच. फुलर यांनी तो निकाल मोडला नाही, बाजूला ठेवला.

वटहुकूम :
बाजूला ठेवणं ही न्यायालयांची सभ्य भाषा आहे हो. स्प्रिंगरच्या निकालात न्या. स्वेन यांनी स्वच्छ लिहिलंय की घटनेच्या अर्थाने प्रत्यक्ष कर म्हणजे डोईपट्टी आणि स्थावरावरचे कर, बस्स. त्यात ‘वकिलीच्या उत्पन्नापुरतं’ अशी पुस्ती जोडलेली नाही.

आणि भाड्याचं मान्य केलं तरी मे महिन्यात त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या उत्पन्नालाही प्रत्यक्ष ठरवलं. तिथे जमिनीचा धागा कुठून आणणार? समोरच्या दाराला कुलूप म्हणता, इथे तर भिंतीलाच दार म्हटलंय.

मृण्मयी_सांगली :
पण प्रत्यक्ष कर ठरला तर बिघडलं काय? लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून लावायचा. एवढा आटापिटा कशाला?

सातारी_सीए :
करून बघू, आकडे माझे. दोन राज्यं, प्रत्येकी दहा लाख वस्ती. केंद्राला दोन कोटी हवेत. लोकसंख्या सारखी, म्हणून दोघांनी एकेक कोटी द्यायचा. पहिल्या राज्यातल्या लोकांचं एकूण करपात्र उत्पन्न वीस कोटी, दुसऱ्यातलं पाच कोटी. पहिल्यात कराचा दर पडला ५ टक्के, दुसऱ्यात २० टक्के. जितकं राज्य गरीब तितका दर चढा. हा कायदा कोण करेल? म्हणून ‘आयकर लावा, पण वाटून लावा’ म्हणणं म्हणजे लावू नका म्हणणंच.

जमिनीवरचा असा वाटलेला कर त्यांनी १७९८ ला, मग १८१२ च्या युद्धाच्या दिवसांत आणि शेवटी १८६१ ला दोन कोटी डॉलरचा लावून बघितला होता. सगळा युद्धाच्या धामधुमीतला किंवा युद्धाच्या धास्तीतला मामला. शांततेत कोणी त्या वाटेला गेलं नाही.

गप्पिष्ट :
अहो हे तर आमच्या सोसायटीचं भांडण! मेंटेनन्स फ्लॅटप्रमाणे सारखा की चौरस फुटावर? वन बीएचकेवाले म्हणतात आम्ही का भरू तेवढाच, थ्री बीएचकेवाले म्हणतात लिफ्ट काय आमच्यासाठी दोनदा वर जाते का.

सातारी_सीए :
सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखं, आदर्श उपविधीत तसंच आहे. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी असेल तर मात्र हिश्श्याच्या प्रमाणात. तुमचं नक्की कुठलं ते आधी बघा.

गप्पिष्ट :
तेच तर! चार वर्षं भांडतोय आणि नोंदणी कशाखाली आहे ते सेक्रेटरीलाही सांगता येत नाही.

थ्री_बीएचके :
सारखंच असायला हवं. पाणी सोडून.

गप्पिष्ट :
नाव बघूनच कळलं.

वटहुकूम :
मंडळी, सोसायटीसाठी वेगळा धागा काढा ही विनंती. १८९५ ला परत या.

इतिहासवेडी :
येते. आतापर्यंत कोणी मूळ प्रश्नच विचारला नाही : हा लोकसंख्येचा विचित्र नियम घटनेत आला कुठून?

आला गुलामगिरीतून. १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात दक्षिणेच्या राज्यांना प्रतिनिधी मोजताना गुलाम धरायला हवे होते, उत्तरेला ते नको होते. तडजोड झाली ती पाचातले तीन मोजायची. मग गव्हर्नर मॉरिस यांनी खुंटी मारली : प्रतिनिधी ज्या मापाने, कर त्याच मापाने. गुलाम मोजून जास्त जागा हव्यात ना, मग कराचा बोजाही जास्त घ्या. त्या एका सौद्याच्या तोंडमिळवणीला ‘प्रत्यक्ष कर’ हे शब्द घटनेत शिरले. (गव्हर्नर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. दरवेळी कोणीतरी विचारतंच.)

पुढचा किस्सा तर फर्मास आहे. २० ऑगस्टला रूफस किंग यांनी उभं राहून विचारलं, प्रत्यक्ष कर म्हणजे नेमकं काय? मॅडिसन यांच्या टिपणात पुढची नोंद एवढीच, की कोणीही उत्तर दिलं नाही.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पाचातले तीन हे गणितही संपलं. सौदा मेला, पण त्याची ही शेपटी घटनेत वळवळत राहिली, आणि तीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या वकिलांनी तीच पकडली. शेतसारा, आता सांगा, ज्या नियमाचं कारणच नाहीसं झालं तो इतका ताणून का लावायचा?

शेतसारा :
कारण तो लिहिलेला आहे म्हणून! नियम आवडत नसेल तर बदला, घटनेत तशी सोय आहे. न्यायाधीशांनी ‘याचं कारण आता उरलं नाही’ म्हणून कलमं गाळायला सुरुवात केली तर उद्या तुमच्या आवडीचं कलमही गाळतील.

पण मॉरिस आणि किंग यांची माहिती मस्त. शब्द लिहिणाऱ्यांनाच अर्थ माहीत नव्हता हे मान्य करावं लागेल.

न्यूजर्सीचा_नाना :
उशिरा आलो. इथल्या बाजूने दोन मुद्दे.

पहिला, हे फक्त श्रीमंत विरुद्ध गरीब नव्हतं, प्रदेशांचंही भांडण होतं. ४,००० डॉलरच्या वर कमावणारे लोक होते कुठे? न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि आमची न्यू जर्सी. कायद्याचे कैवारी कोण, तर टेनेसीचे खासदार मॅकमिलिन, नेब्रास्काचे खासदार ब्रायन. दक्षिण आणि पश्चिम मिळून ईशान्येच्या खिशात हात घालतायत अशी इकडची भावना. वकील चोएट यांनी न्यायालयात त्या कायद्याला साम्यवादी, समाजवादी म्हणून हिणवलं ते याच हवेत. वित्त आयोगाचा अहवाल आला की ‘मुंबईने भरायचं आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचं’ म्हणून आपल्याकडे गळे निघतात, सूर ओळखीचा वाटेल.

दुसरा, एक मुद्दा सगळे विसरतात. नगरपालिका आणि राज्यांच्या रोख्यांवरच्या व्याजावर केंद्राला कर लावता येणार नाही, हे आठही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं. राज्याच्या कर्ज काढायच्या अधिकारावरच तो कर पडतो म्हणून. हा खरा संघराज्याचा मुद्दा, आणि त्यावर एरवी निकालाच्या विरोधात गेलेले न्या. हार्लनसुद्धा फुलर यांच्या बाजूने.

मृण्मयी_सांगली :
आठ कसे? नऊ ना?

न्यूजर्सीचा_नाना :
एप्रिलमध्ये आठच. न्या. हॉवेल जॅक्सन क्षयाने अंथरुणाला खिळलेले होते, टेनेसीत. म्हणूनच तर पुढचं रामायण झालं.

सातारी_सीए :
नाना, रोख्यांचं सांगितलंत ते बरं केलंत. १९८८ मध्ये साउथ कॅरोलायना विरुद्ध बेकर खटल्यात ती सूटही घटनेने दिलेली नाही असं ठरलं. तरी तिथे म्युनिसिपल बाँडच्या व्याजावर केंद्राचा आयकर बहुतेक करून लागत नाही, कारण कायद्याने ती सूट ठेवलीये. आपल्याकडे अनुच्छेद २८९ ने राज्याचं स्वतःचं उत्पन्न केंद्राच्या करातून सुटलंय, पण राज्य सरकारच्या कर्जरोख्यांवर तुम्हाआम्हाला मिळणारं व्याज पूर्ण करपात्र. दर वर्षी कोणीतरी क्लायंट ‘सरकारी आहे ना, मग टॅक्स-फ्री’ म्हणत येतोच.

हजरजबाबी :
जॅक्सन साहेबांचं पुढे काय झालं ते सांगा, अर्ध्यात सोडू नका.

न्यूजर्सीचा_नाना :
सांगतो. ८ एप्रिलच्या निकालात भाडं आणि पालिका-राज्यांचे रोखे एवढेच मुद्दे सुटले. तीन प्रश्नांवर चार-चार अशी बरोबरी झाली : एवढा भाग रद्द झाल्यावर बाकीचा कायदा टिकतो का, शेअर आणि कंपन्यांचे रोखे यांचं उत्पन्न प्रत्यक्ष करात मोडतं का, आणि कर एकसमान आहे का. अर्धवट निकालाने कोणाचंच समाधान होईना, म्हणून मे महिन्यात फेरसुनावणी लागली. आजारी जॅक्सनना बोलावणं गेलं. ते खोकत खोकत वॉशिंग्टनला आले. न्यायालयाला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती, सिनेटच्या जुन्या दालनात बसायचं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर, बरोबरी तेच फोडणार.

जॅक्सननी मत दिलं कायद्याच्या बाजूने. म्हणजे सरकार पाच-चारने जिंकायला हवं. निकाल लागला उलटा! आधीच्या चारातल्या कोणीतरी फांदी बदलली. वर्तमानपत्रांनी न्या. शिरास यांच्याकडे बोट दाखवलं, नंतरच्या अभ्यासकांनी ग्रे आणि ब्रूअर यांचीही नावं घेतली. नक्की कोण ते आजवर सिद्ध झालेलं नाही. जॅक्सन ऑगस्टमध्ये वारले.

फुकटफौजदार :
गुवाहाटीला कोण गेलं होतं ते बघा आधी.

हजरजबाबी :
खिक्क. झाडी, डोंगार, हाटील.

वटहुकूम :
ब्रायन यांनी १८९६ च्या गाजलेल्या भाषणात याच पाचव्या मतावर टोला हाणला. कायदा मंजूर झाला तेव्हा घटनाबाह्य नव्हता, पहिल्यांदा कोर्टात गेला तेव्हाही नव्हता, एका न्यायाधीशाचं मन फिरलं तेव्हा झाला, असा त्याचा आशय. माझंही तेच म्हणणं आहे. एका माणसाच्या बदललेल्या मतावर देशाची करव्यवस्था अठरा वर्षं अडून राहिली.

शेतसारा :
थांबा. ‘कोणीतरी फिरलं’ हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. नाना म्हणतात तसे तीन वेगळे प्रश्न होते. तिन्हींवर चार-चार झाले, पण कुठल्या प्रश्नावर कुठले चार, हे न्यायालयाने जाहीर केलेलं नाही. समजा एकाला वाटत होतं की शेअरवरचा कर प्रत्यक्ष आहे पण बाकी कायदा टिकतो, दुसऱ्याला नेमकं उलट. मे महिन्यात सगळं नव्याने मांडलं गेल्यावर कोणीही कोलांटी न मारता पाच-चार होऊ शकतं. ब्रायन उत्तम वक्ते होते, हिशेबनीस नव्हते.

आणि मन फिरण्यात एवढं पाप काय? १८७० मध्ये याच न्यायालयाने कागदी चलन जुन्या कर्जांच्या फेडीला चालणार नाही म्हटलं, १८७१ मध्ये दोन नवे न्यायाधीश आल्यावर चालेल म्हटलं. तेव्हा तुमच्यासारखे लोक खूश होते.

इतिहासवेडी :
शेतसारा, हा मुद्दा चांगला काढलात. पण दोन्हींची नावं एकाच यादीत आहेत हे विसरू नका. नंतर सरन्यायाधीश झालेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी, न्यायालयाने स्वतःच्या हाताने करून घेतलेल्या तीन जखमा सांगितल्या : ड्रेड स्कॉट (गुलामगिरीच्या बाजूने गेलेला निकाल), कागदी चलनाचा हा खेळ आणि आयकराचा निकाल.

त्या खंडपीठात ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी सरळ फळी पाडायच्या मोहातही पडू नये. पोलॉकमध्ये विरोधी मत देणाऱ्या हेन्री ब्राउन यांनी हा निकाल म्हणजे करआकारणीचा अधिकार धनिकांच्या हवाली करणं आहे असं खडसावलं. पुढच्याच वर्षी प्लेसी खटल्यात काळ्या-गोऱ्यांचे वेगळे रेल्वे डबे घटनेला धरून आहेत, हा निकाल लिहिला तो याच ब्राउननी. दोन्हीकडे विरोधात उभे राहिले ते एकटे हार्लन.

हजरजबाबी :
हार्लन यांना दंडवत.

सातारी_सीए :
मला या निकालातला सगळ्यात झोंबणारा भाग वेगळाच वाटतो. बहुमताने काय म्हटलं बघा. नोकरी, धंदा, व्यवसाय यांच्या उत्पन्नावरचा कर अबकारीसारखा, तो चालेल. भाडं, व्याज, लाभांश यांच्यावरचा प्रत्यक्ष, म्हणून चालणार नाही. म्हणजे मी रात्री जागून ऑडिट करतो त्या पैशावर कर चालेल आणि माझा घरमालक पाय पसरून भाडं घेतो त्यावर चालणार नाही!

हे किती विचित्र दिसतं ते फुलर यांच्याही ध्यानात आलं. म्हणून ते म्हणाले, भांडवलावरचा भाग काढला तर उरेल तो फक्त कष्टाच्या कमाईवरचा कर, आणि काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकी संसदेचा) तसा हेतू नव्हता, तेव्हा आख्खा कायदाच रद्द. कष्टकऱ्याच्या कळवळ्याने घरमालकही सुटला. बुद्धीला सलाम, नीयतीचं तुम्ही ठरवा.

न्यूजर्सीचा_नाना :
स्प्रिंगरचं पुढे काय झालं कोणी सांगितलं नाही. खटल्याचा निकाल लागला तेव्हा हे महाशय इलिनॉयचे खासदार होते. नंतर कर ठरवणाऱ्या ‘वेज अँड मीन्स’ समितीचे १८९१ ते ९३ अध्यक्ष! कर बुडवून घर गमावलेला माणूस देशाच्या करांचा कारभारी. १८९४ ची निवडणूक हरले, १८९५ मध्ये इंडियन टेरिटरीत (अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या प्रदेशात) न्यायाधीश म्हणून नेमले गेले.

फुकटफौजदार :
कर बुडवून नंतर समितीचा अध्यक्ष. चला, आपण एकटे नाही जगात.

शेतसारा :
आता माझा मूळ मुद्दा. नियम नको असेल तर घटना बदला, आणि त्यांनी बदलली. १६ वी दुरुस्ती, फेब्रुवारी १९१३. कुठल्याही स्रोतातून आलेल्या उत्पन्नावर, राज्यांत न वाटता कर लावायचा अधिकार काँग्रेसला मिळाला. आपल्याकडे व्होडाफोनचा निकाल जानेवारी २०१२ मध्ये सरकारविरुद्ध गेला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्यात संसदेने पूर्वलक्षी दुरुस्ती करून तो पुसला. २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. कुठली रीत बरी?

वटहुकूम :
रीत त्यांची बरी हे कबूल. पण ती दुरुस्ती कशी आली तेही सांगा की. १९०९ मध्ये सिनेटमध्ये पुन्हा साधा आयकर कायदा मंजूर व्हायच्या बेतात होता. सिनेटर ऑल्ड्रिच वगैरे आयकराच्या विरोधकांनीच तोडगा काढला : कायदा नको, घटनादुरुस्ती मांडू. मनात हिशेब असा की तीन चतुर्थांश राज्यं कधीच होकार देणार नाहीत, भिजत घोंगडं पडेल. घोंगडं चार वर्षांत वाळलं.

इतिहासवेडी :
आणि सूड कसा, बघा. १९१३ चा नवा आयकर १९१६ मध्ये ब्रशाबर खटल्यात पुन्हा न्यायालयापुढे आला. तो वैध ठरवणारा निकाल लिहिला सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी, म्हणजे १८९५ ला विरोधात गेलेल्या चौघांपैकी एक.

मृण्मयी_सांगली :
मग पोलॉक आता मेलेला निकाल ना? की अजून धुगधुगी आहे?

न्यूजर्सीचा_नाना :
आहे तर! २०२४ चा मूर खटला बघा. इथल्या एका दांपत्याने लहान शेतकऱ्यांना अवजारं पुरवणाऱ्या बेंगळुरूच्या किसानक्राफ्ट कंपनीत ४०,००० डॉलर गुंतवले. कंपनीने नफा वाटला नाही, धंद्यातच घातला. २०१७ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांत साठलेल्या अशा नफ्यावर भागधारकांना एकरकमी कर लागला, यांच्या वाट्याला १४,७२९ डॉलर. त्यांचं म्हणणं, पैसा हातात आलाच नाही तर ते उत्पन्न कसलं? आणि उत्पन्न नसेल तर हा मालमत्तेवरचा प्रत्यक्ष कर, तो राज्यांत वाटला पाहिजे. ते सात-दोनने हरले. पण हातात न आलेला पैसा उत्पन्न ठरतो का, हा प्रश्न न्या. कॅव्हनॉ यांनी मुद्दाम उघडा ठेवला आणि चार न्यायाधीशांनी वेगळं लिहून सांगितलं की ठरत नाही.

संपत्ती कर लावा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही तो निकाल शब्दन् शब्द वाचत बसलेत. दुरुस्तीने फक्त उत्पन्न सोडवलं. संपत्तीवरचा कर ‘प्रत्यक्ष’ ठरला तर लोकसंख्येचा तोच नियम पुन्हा समोर.

सातारी_सीए :
म्हणजे सांगलीतली पॉवर टिलर आणि रूफस किंगचा प्रश्न एकाच फायलीत.

शेतसारा :
वटहुकूमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणीच सरळ उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतो. भाडं आणि खंड : फुलर यांच्याबरोबर. पालिकेचे रोखे : फुलर यांच्याबरोबर. शेअर आणि कंपन्यांचे रोखे : हार्लन यांच्याबरोबर. रद्द झालेला भाग वगळून उरलेला कायदा टिकतो. म्हणजे माझ्या हिशेबाने सरकार अर्धं जिंकतं आणि १६ व्या दुरुस्तीची गरज तरीही उरते.

वटहुकूम :
असा निकाल दिला असतात तर दोन्ही बाजूंनी तुम्हालाच ‘पाचवा’ म्हणून छापलं असतं. मी बाकी मुद्द्यांवर व्हाइट यांच्याबरोबर, फक्त पालिकेच्या रोख्यांवर नानांनी जरा विचारात पाडलंय. नाना, बेकर खटल्यात विरोधी मत कोणाचं होतं?

न्यूजर्सीचा_नाना :
सँड्रा डे ओकॉनर, एकट्या. राज्यांच्या स्वायत्ततेवरूनच. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

गप्पिष्ट :
तोवर कोणी सांगेल का, नोंदणी कशाखाली आहे ते कुठे बघायचं?

सातारी_सीए :
नोंदणीचा दाखला असतो, त्यावर कायद्याचं नाव लिहिलेलं असतं. तो नसेल तर डीड ऑफ डिक्लरेशन आहे का ते शोधा. असेल तर अपार्टमेंट.